झोळीतील निद्रा : एक सात्म्यविचार

वनौषधी-परिचय सहलीस जाणारा वैद्य दिवसभर डोंगर चढतो, याचे कौतुक सर्वांना असते. तो रात्री कशावर निजतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. चाळिशी उलटेपर्यंत आम्हांसही हा प्रश्न पडला नव्हता. पडला तेव्हा त्याने आमची सहलच बंद पाडण्याची वेळ आणली. त्यातून जो मार्ग निघाला तो काहीसा विनोदी वाटण्याजोगा आहे. तरीही तो वैद्यबंधू-भगिनींसमोर ठेवावा असे वाटते, कारण त्यात निद्रेविषयी आम्ही जे शिकलो ते बावीस वर्षांच्या चिकित्साव्यवसायात शिकलो नव्हतो.

आमच्या तालुक्यातील वैद्य व विद्यार्थी दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस दोन रात्रींसाठी ताम्हिणी घाटाच्या परिसरात जातात. मुळशीकडून माणगावकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका परिचित शेतकऱ्याचा खाजगी माळ आहे. त्याच्या अनुमतीने तेथे मुक्काम होतो. हा प्रघात आमच्या गुरुजींचा. वय झाल्यावर त्यांनी ही जबाबदारी आमच्याकडे सोपविली. हिरडा केवळ गोणीत पाहिलेल्या विद्यार्थ्याला तो झाडाखाली वेचावयास लावणे, धायटीची लाल फुले, गेळ्याचे काटे व वावडिंगाचा वेल दाखविणे, आणि रात्री शेकोटीभोवती दिवसा पाहिलेल्या द्रव्यांचे रस-वीर्य-विपाक त्यांच्याकडून म्हणवून घेणे, असा हा साधा कार्यक्रम. त्यातील रात्रीचा भाग दिवसाइतकाच मोलाचा आहे. वर्गात न विचारले जाणारे प्रश्न तेथे विचारले जातात.

गेली काही वर्षे आम्हांस कटिशूलाचा त्रास आहे. जानेवारी २०२३ च्या सहलीत पहिल्याच रात्री कठीण जमिनीवर सतरंजी टाकून निजलो आणि पहाटे उठताना दोन विद्यार्थ्यांना हात द्यावा लागला. दुसरा दिवस कनिष्ठ सहकाऱ्यांवर सोपवून आम्ही दुपारीच घरी परतलो. सायंकाळी गुरुजींचा दूरध्वनी आला. "सहल पूर्ण झाली का?" आम्ही "होईल उद्या" म्हणालो आणि आपण कोठून बोलत आहोत हे सांगितले नाही. ही गोष्ट मनाला फार लागून राहिली.

पुढील वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, आमच्या एका आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्याने पॅराशूटच्या कापडाची एक घडी पिशवीतून काढली. "सर, या हॅमॉकमध्ये निजा. पाठ धरणार नाही." दोन झाडांमध्ये बांधावयाची ती झोळी. आमच्याच इच्छेनुसार ती चांगली ताठ, कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी ओढून बांधण्यात आली. सैल झोळीत पाठ वाकेल अशी आमची समजूत होती. परिणाम असा झाला की कापडाच्या दोन्ही कडा उभ्या राहून खांदे आवळले गेले, मधोमध सरळ निजल्यामुळे शरीर धनुष्यासारखे वाकले, आणि जरा कूस बदलताच सर्व डोलारा उलटू पाहू लागला. मध्यरात्रीनंतर पाठीस विलक्षण थंडी वाजू लागली. अंगावर दोन शाली होत्या, त्यांचा काही उपयोग होईना. तीनच्या सुमारास उतरू गेलो तो गुडघ्यावर आपटलो. त्या आवाजाने जागे झालेल्या विद्यार्थ्यांनी हसू कसे आवरले ते तेच जाणोत. उरलेली रात्र शेकोटीपाशी बसून काढली.

पहाटे शेतमालक दूध घेऊन आले. त्यांनी विचारले, "डॉक्टर, लहानपणी झोळीत निजला नाहीत का?"

"निजलो असू."

"मग मोठेपणी विसरलात म्हणायचं."

त्यांच्या ओसरीत, तुळईला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत त्यांची नात निजली होती. तिची आई हाताच्या अंतरावर भाकरी थापीत होती. आम्ही ती झोळी प्रथमच नीट पाहिली. ती ताठ नव्हती, चांगली खोल होती. आत घडी केलेली गोधडी होती, आणि मूल झोळीच्या लांबीत नव्हे, बरेचसे आडवे निजलेले होते. आमचे रात्रीचे सर्व दोष त्या एका दृष्टिक्षेपात दिसले.

हेतुपरीक्षण

पहिला दोष ताठ बांधण्याचा. येथे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे. झोळीचा पट्टा क्षितिजसमांतर रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण निजणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो. सत्तर किलो वजनाच्या मनुष्यासाठी तो सत्तर किलो. तोच कोन दहा अंशांवर आणला, म्हणजे झोळी ताठ केली, तर ताण सुमारे दोनशे किलोपर्यंत जातो. गाठी, कापड आणि झाडाची साल या तिघांवरही तो येतो. कोन मोजण्यास उपकरण लागत नाही. तर्जनी सरळ व अंगठा तिच्याशी काटकोनात धरावा. दोन्हींच्या टोकांना जोडणारी रेषा तर्जनीशी सुमारे तीस अंशांचा कोन करते. तर्जनी आडवी धरून ती रेषा पट्ट्याशी जुळवून पाहावी. झाडे बारा ते पंधरा फूट अंतरावर असावीत, पट्टे छातीच्या वर बांधावेत, आणि बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीवर, सुमारे दीड फुटावर यावी. पडलोच तर इजा होणार नाही, हा त्यातील हिशेब.

दुसरा दोष निजण्याच्या दिशेचा. सैल बांधलेल्या झोळीत मध्यरेषेवर निजले तर पाठ वाकणारच. परंतु डोके मध्यरेषेच्या एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस नेऊन तिरके निजले, तर खालचे कापड पसरते आणि शरीर जवळजवळ सपाट होते. ताठपणाने जे साधत नाही ते सैलपणा व तिरकेपणा मिळून साधतात. ही काही नवी युक्ती नव्हे. हॅमॉक हा शब्दच कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आलेला आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीच्या नोंदींत तेथील लोकांच्या जाळीसारख्या बिछान्यांचा उल्लेख आहे. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात माया समाजातील अनेक कुटुंबे आजही घरात पलंगाऐवजी विणलेल्या रुंद झोळ्यांत निजतात, आणि निजतात ती तिरकीच. जे शतकानुशतके लोकांचे ओकसात्म्य आहे ते आम्ही एका रात्रीत निरुपयोगी ठरविले होते.

तिरके निजावयाचे तर झोळी लांब हवी. आमची साडेआठ फुटांची होती. पुढे आम्ही अकरा फुटांची घेतली. पायाकडील बाजू डोक्याकडील बाजूपेक्षा वीतभर उंच ठेवावी, अन्यथा रात्रीतून शरीर पायांकडे घसरते. गुडघे मागे ताणले जात असतील तर त्यांखाली लहान उशी द्यावी. कटिशूलाच्या रुग्णाला उताणे निजताना आपण हेच सांगतो.

तिसरा दोष शीतस्पर्शाचा. वैद्य म्हणून आम्हांस सर्वांत लाजिरवाणा वाटतो तो हा. जमिनीवर निजणाऱ्याच्या पाठीखालून वारा वाहत नाही. झोळीत तो सर्व रात्र वाहतो. अंगाखाली शाल घेतली तरी शरीराच्या भाराने ती दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि ऊब नाहीशी होते. ऊब राखते ती धाग्यांत अडकलेली हवा, केवळ धागे नव्हेत. म्हणून पांघरूण झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाने, न दबेल असे टांगले पाहिजे. बाजारात यासाठी खास रजया मिळतात. आम्ही शेतमालकांच्या घोंगडीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ती झोळीखाली लोंबती बांधली. ती कापडाला लागून असावी, पण ताणलेली नसावी. शीत व चल हे दोन्ही वाताचेच गुण. डोलणाऱ्या शय्येवर, खालून वाहणाऱ्या वाऱ्यात, कटिशूलाचा रुग्ण रात्रभर ठेवल्यास काय होईल, हे आम्ही कोणाही विद्यार्थ्याला परीक्षेत विचारले असते. स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीच अनुत्तीर्ण झालो.

पादांशक्रम

वरील दोष दूर केले की झोप लागेल, अशी आमची समजूत झाली. तीही चुकीची निघाली. दिवाळीनंतर परसातील आंबा व फणस यांच्यामध्ये झोळी बांधली, सर्व काही शास्त्रशुद्ध केले, आणि तरीही पहिल्या रात्री दोन तासांत आत येऊन पलंगावर निजलो. घरातून, "अहो, रानात जाऊन उपाशी मरण्याचा सराव अंगणात नको," असा अभिप्राय मिळाला.

तेव्हा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्याय आठवला. अहितकर सवय सोडणे आणि हितकर सवय लावून घेणे, दोन्ही एकदम न करता पादांशाने, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून करावे, असे आचार्यांनी तेथे सांगितले आहे. मद्य वा तंबाखू सोडू पाहणाऱ्या रुग्णाला आपण हे रोज समजावितो. शय्या हाही अभ्यासाने अंगवळणी पडणारा विषय आहे, हे ध्यानी आले नव्हते.

मग क्रम असा ठेवला. पहिला आठवडा सायंकाळी चिकित्सालय आटोपल्यावर अर्धा तास केवळ पडून राहावयाचे, झोपावयाचे नाही. दुपारचा वेळ सोयीचा होता. परंतु हेमंतात दिवास्वप्न वर्ज्य, आणि रुग्णांना नको म्हणून स्वतः ते करावे हे योग्य वाटेना. या आठवड्यात केवळ शरीराला डोलण्याचे भय सोडावयास शिकविले. झोळीत बसताना प्रथम मधोमध बसावे, मग पाठ टेकावी, शेवटी पाय तिरके आत घ्यावेत. उतरताना उलट क्रम. हे दहा-बारा वेळा केल्यावर हातपाय आपोआप करू लागतात. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा पहिला प्रहर झोळीत, उरलेली रात्र पलंगावर. तिसऱ्या आठवड्यापासून, एक-दोन रात्रींचे अंतर ठेवून, हळूहळू पूर्ण रात्र. निजण्यापूर्वी काशाच्या वाटीने पादाभ्यंग व कटीस तीळतेलाचा हात, आणि जायफळाचा कण घातलेले कोमट दूध. डिसेंबरच्या मध्यात एक रात्र अशी आली की कोंबडा आरवला तेव्हा आम्ही झोळीत आहोत हे आठवावे लागले.

एका मित्रवैद्यांनी शंका काढली की, बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नाही आणि अभिष्यंदीही नाही असे जे शास्त्रवचन आहे, त्यात झोळीतील निद्रा बसवावी काय? आमच्या मते नाही. नीट बांधलेल्या झोळीत शरीर आडवे व शिथिल असते. ती पूर्ण शयनस्थिती आहे. आरामखुर्चीसारखे अर्धवट बसून झोळीत डुलकी घेणे ही गोष्ट वेगळी. त्यांचे समाधान झाले नाही. वाचकांपैकी कोणास अधिक सांगता आले तर स्वागत आहे.

आधुनिक संशोधनाचाही थोडा आधार येथे मिळतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये बारा निरोगी पुरुषांना दुपारी पंचेचाळीस मिनिटे मंद डोलणाऱ्या शय्येवर निजविले; एक हेलकावा चार सेकंदांचा होता. स्थिर शय्येपेक्षा त्यांना झोप लवकर लागली. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठातून अठरा तरुणांवर संपूर्ण रात्रीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातही झोप लवकर लागली व गाढ निद्रेचा काळ वाढला. मात्र ती शय्या यंत्राने रात्रभर डोलत होती. आपली झोळी काही मिनिटांत स्थिरावते. तेव्हा हे निष्कर्ष झोळीला जसेच्या तसे लावणे बरे नव्हे. आम्हांस अधिक उपयोगी वाटला तो २०१६ मधील ब्राउन विद्यापीठाचा अभ्यास. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा अधिक सावध राहतो, असे त्यात आढळले. नव्या शय्येचा निवाडा पहिल्या रात्रीवरून करू नये, हे यावरूनही दिसते.

काही सूचना, काही निषेध

झाडाला बारीक दोर कधीही बांधू नये. किमान दोन बोटे रुंद पट्टा घ्यावा. अर्जुनाची साल सभोवार काढल्यास वृक्ष मरतो, हे आपण वनस्पतीविषयी बोलताना नेहमी सांगतो; काचणारा दोर लहान प्रमाणात तेच करतो. मांडीएवढ्या जाडीचे जिवंत झाड निवडावे आणि बांधण्यापूर्वी एकदा वर पाहावे. वाळकी फांदी डोक्यावर लोंबत असेल तर ती जागा सोडावी, मग सावली कितीही चांगली असो. दव पडत असेल तर वर एक ताडपत्रीचा तुकडा ताणावा आणि पट्ट्यावर, झोळीच्या अलीकडे, सुतळीचा तुकडा लोंबता बांधावा. पट्ट्यावरून ओघळणारे पाणी तेथून खाली ठिबकते, आत येत नाही. मुंग्यांची वाट झाडावर आहे का, हेही पाहावे. आम्ही एकदा पाहिले नव्हते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून मुक्काम करू नये, हे सांगावयास नकोच.

ही शय्या सर्वांसाठी नाही. पालथे निजण्याची सवय असलेल्यांना ती मानवत नाही. आमचाच एक विद्यार्थी दोन रात्री प्रयत्न करून सतरंजीवर परतला, आणि त्याने ते योग्यच केले. भ्रमाचा त्रास असणारे, गर्भिणी, रात्री वारंवार मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागणारे वृद्ध, आणि पायांत बधिरता वा दौर्बल्य आणणारा गृध्रसीचा रुग्ण यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. मद्य घेतलेल्याने तर नाहीच. लहान मुलास मोठ्यांच्या झोळीत एकटे निजवू नये. कटिशूल बरा करण्याचा उपाय म्हणूनही आम्ही तिची शिफारस करीत नाही. आमचा शूल तिने गेलेला नाही. जमिनीपेक्षा ती आम्हांस सुसह्य झाली, इतकेच.

एक गोष्ट मात्र चिकित्सालयात बदलली. निद्रानाशाच्या रुग्णाला आम्ही पूर्वी आहार, दिनचर्या व चिंता यांविषयी विचारीत असू आणि मग जटामांसी, तगर, अश्वगंधा यांकडे वळत असू. निद्रा ही तीन उपस्तंभांपैकी एक असे व्याख्यानांतून सांगत असू, आणि निद्रानाशाच्या उपायांत चरकाचार्यांनी अभ्यंग, दूध, मनोनुकूल गंध यांच्या बरोबरीने नीट अंथरलेली शय्या गणली आहे, तिकडे मात्र डोळेझाक करीत असू. आता रुग्णपत्रिकेत 'कशावर निजता?' असा रकाना आहे. उत्तरे विस्मयकारक असतात. महिनाभर औषध घेऊन गुण न आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की, पाहुणे आल्यापासून ते दिवाणखान्यातील दोन आसनी सोफ्यावर पाय बाहेर काढून निजतात; पाहुणे सात महिने झाले गेलेले नाहीत. तेथे तगर काय करणार?

जानेवारी २०२५ मध्ये सहल पुन्हा ताम्हिणीस गेली. या खेपेस झोळी सैल होती, खाली शेतमालकांची घोंगडी होती, आणि विद्यार्थी आमच्याकडे फार उत्सुकतेने पाहत होते. शेकोटी विझेपर्यंत हिरड्याच्या भेदांवर वाद चालला. आम्ही दहाच्या सुमारास आडवे झालो. एकदा जाग आली, ती मोराच्या ओरडण्याने. पहाटे पाठ आखडली होती, पण उठताना कोणाचा हात घ्यावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन वरच्या कड्यापर्यंत जाऊन आलो आणि दुसरी रात्रही तेथेच काढली.

परतल्यावर गुरुजींना आपणहून दूरध्वनी केला आणि दोन वर्षांपूर्वी लपविलेली गोष्ट सांगितली. झोळीचे सर्व वर्णनही केले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "झाड कोणतं होतं?"

"एक ऐन, एक जांभूळ."

"साल काचली नाही ना रे?"

"नाही. रुंद पट्टा होता. सकाळी हात फिरवून पाहिलं."

"मग पुढच्या वर्षी माझ्यासाठीही एक बांध. निजणार नाही मी. बसेन नुसता."